आमचा पक्ष आणि बांगड्याचे दिवस

आश्विन अर्धा सरला की आमच्या किनाऱ्याची हवा बेइमान होते. पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते आणि दहा वाजता पुळणीच्या वाळूवर पाय ठेववत नाही. भात पिवळं होऊन वाकलेलं असतं. समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प पडून राहतो. आणि घराघरांतून निखाऱ्यावर भाजणाऱ्या बांगड्याचा वास सुटतो. त्या वासाने लोकांची भूक चाळवते. माझी झोप उडते.

परवा सुनेने चुलीपुढे बांगडे मांडले आणि मी बसल्या जागेवरून उठलो.

"बाबानू, खंय चाललास? जेवण होता आता."

"हयच."

हयच म्हणायचं आणि पुळणीपर्यंत जाऊन यायचं. परत येऊन बसायचं, पुन्हा उठायचं. बांगड्याचे दिवस आले की मला एका जागी बसवत नाही. पूर्वी बायको हसायची, आता सून हसते. वय झालं म्हणून असं होत नाही. तिशीतला होतो तेव्हापासूनची ही खोड आहे आणि ती कशाने लागली ते मला पक्कं ठाऊक आहे.

त्याच दिवशी तालुक्याहून आमच्या पक्षाचे दोघेजण आले. चांगले शिकलेले, पायांत बूट. म्हणाले, "आजोबा, तुम्ही या भागात पक्ष उभा केलात. आमच्या अंकासाठी चार शब्द लिहून द्या." मी म्हटलं, देतो. ते गेल्यावर मात्र तो शब्द काट्यासारखा रुतून बसला. उभा केला. पक्ष म्हणजे काय गुढी आहे, सकाळी उभी केली आणि संध्याकाळी उतरवली? आणि एकदा उभा असलेला पक्ष आडवा कसा झाला, ते कोणी विचारलं नाही. आडवा करण्यात माझाही हात होता, हे तर त्या दोघांच्या जन्माआधीचं. तेव्हा चार शब्दांत हे मावणार नाही. ज्यांना छापायचं त्यांनी छापावं, नाहीतर चुलीत घालावं.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. बाप वारला आणि मी माडावर चढलो. नारळ काढणं हा माझा धंदा. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पायात दोरीचा फास. चाळीस हात उंच माडाच्या शेंड्यात बसलं की झावळ्या कानाशी सळसळतात आणि खालचं जग फार शहाणं वाटत नाही. माणसं टाचणीएवढी, त्यांची भांडणं त्याहून बारीक. पण समुद्र तेवढा मोठा होत जातो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जे पाणी सारखंच निळं दिसतं, त्यात वरून मला वाटा दिसायच्या, ओहोळ दिसायचे. आणि बांगड्याची झुंड आली की ढगाची सावली पडावी तसा एक काळपट जांभळा पट्टा सरकताना दिसायचा. आभाळात ढग नसायचा. मग मी शेंड्यातून हाक मारायचो, "बांगडो इलो रे!" आणि हाताने दिशा दाखवायचो. खाली रापणकरांची धावपळ उडायची.

ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि पंचवीस-तीस माणसं दोन रांगांनी ते ओढत राहतात. दोर ओढताना ओरडतात, गातात, एकमेकांच्या बायकांवरून थट्टा करतात. जाळं पुळणीवर आलं की मासळीचे वाटे घालतात. तांडेलाचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा. वाटेने जाणाऱ्या परक्याने जरी चार वेळा दोर ओढला तरी त्याच्या हातात दोन बांगडे पडायचे. ह्यात भीक नव्हती की उपकार नव्हता. हात लावला, वाटा घेतला, मोकळा झाला.

हे सगळं मला ठाऊक होतं, पण वरून पाहिलेलं. मी भंडारवाडीतला, माडावर चढणाऱ्यांच्या वस्तीतला. दोर कधी हातात धरला नव्हता.

आमचा पक्ष त्या काळी म्हणजे जगू मास्तर. शाळामास्तर होता, नोकरी सोडून पक्षात पडला. उंच, सावळा, धुतलेलं धोतर. आवाज असा की मागच्या रांगेतल्या बाईलाही वाटावं, माझ्याशीच बोलतोय. दुपारी पक्षाच्या कचेरीत आम्हा अडाण्यांना चटईवर बसवून वर्तमानपत्र वाचायला शिकवायचा. पंचविसाव्या वर्षी मला जोडाक्षर लागलं ते त्याच्यामुळे. 'हक्क' हा शब्द मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा तो म्हणाला, "सगुण, आता तो कोणी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही." मी त्या दिवशी घरी जाताना चालत नव्हतो.

आज त्याचं नाव लिहितानाही माझी लेखणी अडखळते आणि ती लेखणी धरायला त्यानेच शिकवलेलं आहे. ह्याला काय करायचं, सांगा.

तर मास्तर रापणीवर यायचा. धोतराचा काचा मारून दोराला लागायचा. मास्तरमाणूस दोर ओढतो ह्याचंच लोकांना कोण कौतुक! आणि वाटे पडायला लागले की हात जोडून बाजूला व्हायचा. "माझा वाटा नको. मी पक्षाचा माणूस. माझा वाटा तुमच्यातच आहे." लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. खोटं कशाला बोलू?

मग त्याने लाँचची गोष्ट काढली. इंजिनाची होडी, रापणकरांच्या वाडीच्या मालकीची. दर ओढीला एक पाटी मासळी पक्षाची म्हणून वेगळी काढायची, तिथेच लिलाव करायचा, पैसे मास्तरकडे. दोन हंगाम पक्षाची पाटी निघाली. बायका स्वतःच्या वाट्यातून मूठभर त्यात टाकायच्या. लाँचला नाव काय ठेवायचं ह्यावरून वाडीत दोन भावांचं बोलणं बंद झालं होतं, इतकी ती लाँच खरी होती.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मुंबईहून कुजबुज आली. मास्तरने मेव्हण्याच्या नावावर पागडी भरून खोली घेतली म्हणे. रवळनाथाच्या देवळात गाव जमला. बुधाजी तांडेल, रापणीचा मुख्य, फार कमी बोलणारा माणूस, त्याने सरळ विचारलं, "मास्तरानू, आमचे पैशे खंय आसत?"

मास्तर मान खाली घालून उभा राहिला, जखमी झाल्यासारखा. ते मला बघवेना. आज वाटतं, उत्तर नसलेला माणूसही तसाच उभा राहतो. पण तेव्हा माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी गाभाऱ्यापुढे गेलो, मानकऱ्यापुढच्या नारळावर हात ठेवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोललो,

"मास्तरान पक्षाचो एक पैसो जरी खाल्लो आसात, तर देवा, माका माडावरसून खाली टाक!"

बुधाजीने टोपी घातली आणि निघून गेला. देवापुढे माणसाने जीव ठेवल्यावर पुढे विचारायचं काय? गाव गप्प बसला तो माझ्यामुळे.

पंधरवड्याने मास्तर बोटीने मुंबईला गेला, पक्षाच्या कामाला म्हणून. परत आला नाही. बुधाजीचा जावई गिरणीत होता, तो त्या खोलीवर जाऊन दारावरची मास्तरच्या नावाची पाटी वाचून आला. खोली दोन खणांची, खिडकीत कुंड्या. आमची लाँच ती.

त्यानंतरचा जो बांगड्याचा हंगाम आला, तो हा. मला अजून बसू न देणारा.

कचेरीला कुलूप लागलं. झेंड्याच्या काठीवर कोणीतरी जाळं सुकत घातलं. आणि मला माडावर कोणी बोलवेना. प्रथम कळलं नाही. नारळ सुकून आपोआप पडायला लागले तरी बोलावणं नाही. शेवटी एका मालकाला रस्त्यात धरला. तो नजर चुकवत म्हणाला, "सगुण्या, तुझ्यार राग नाय. पण तू देवाक सांगून बसलंस. देव कधीतरी टाकतलो तुका. तो आमच्या माडावरसून कित्याक?"

हसू नका. मीही हसलो नाही. त्याचं बरोबरच होतं. ज्या माडावरून माणूस पडतो त्या माडाचा नारळ मग देवाला चालत नाही.

मानकरी म्हणाले, देवळात खण-नारळ ठेव, गाऱ्हाणं घालू, खोटी शपथ घेतली म्हणून माफी माग. मी म्हटलं, "मी खोटा बोलूक नाय. माका जा खरा वाटला ता बोललंय." ह्या एका वाक्यावर मी अडून बसलो. खोटं बोलणं वेगळं, फसणं वेगळं. मी फसलो. फसलेल्याने माफी कसली मागायची? बायको मथुरा म्हणायची, "तुमचा बरोबर आसा. बरोबरच खावया आता, चुलीर ठेवतंय." तिची ती बोलणी.

घरचे चार माड होते. त्यांच्यावर मी उगाचच चढायचो. नारळ नसले तरी. गावाला दिसावं म्हणून चढायचो की बघा, पडत नाही. असाच एका सकाळी शेंड्यात बसलो होतो आणि मला तो पट्टा दिसला. एवढा मोठा मी आयुष्यात पाहिला नव्हता. अर्ध्या खाडीएवढा, सरकत सरकत उत्तरेला चाललेला, वर पाखरं तुटून पडत होती.

मी हाक मारली. "बांगडो इलो रे! खडकाच्या दांड्याच्या आत आसा!"

खाली होडी तयार होती. माणसं बसलेली होती, विड्या ओढत. त्यांनी वर पाहिलं. मला त्यांचे चेहरे दिसले नाहीत, तोंडं वर झालेली तेवढी दिसली. मग ती तोंडं परत खाली गेली. मी पुन्हा ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो. झावळी धरून उभा राहिलो, हात हलवले. कोणी उठलं नाही. पट्टा आमच्या किनाऱ्यासमोरून निघून गेला आणि दुपारी बातमी आली की शेजारच्या गावाने तीन ओढी काढल्या, बांगडा ठेवायला पाट्या पुरल्या नाहीत.

त्या दिवशी मी खाली उतरलो. मी खरं सांगत होतो. डोळ्यांनी पाहून सांगत होतो. तरी माझ्या शब्दाला वजन राहिलं नव्हतं. आणि नुकसान झालं ते त्यांचं. भाग्यवान गावाला आयते बांगडे, आणि आमच्या गावात त्या दिवशी पेज.

तेव्हा मी ठरवलं, पक्ष परत उभा करायचा. लोक म्हणतात तत्त्वासाठी. तत्त्व होतंच, नाही असं नाही. गोरगरिबांचा दुसरा कोण होता? पण खरं सांगायचं तर मला माझा शब्द परत हवा होता आणि तो पक्षाबरोबर बुडाला होता. एक वर काढल्याशिवाय दुसरा निघणार नव्हता. ह्या दोन्हींतलं आधी काय, ते मला अजून नीट वेगळं करता येत नाही. दुपारी बसल्या बसल्या ह्यावर विचार करतो आणि मग उठून पुळणीवर जातो.

कुलूप तोडलं. कचेरी झाडली. आणि घरोघर फिरायला लागलो. वाडीत शिरलो की कुत्री आधी ओळखायची, मग माणसं.

"इलो रे इलो, देवाचो जामीन इलो!"

"सगुण्या, ह्या वेळेक कोणाची शपथ घेतलंस? सांगून ठेव, तेचेकडे पैशे ठेवूचे नायत."

"लाँच हाडलंस काय रे? खंय बांधलंस? माडार?"

मी ऐकून घ्यायचो. आतून जळायचो. एका म्हाताऱ्याने बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "झिला, माका ऐकाक येणा नाय." त्याला चांगलं ऐकू येत होतं.

वीस दिवस फिरलो. एकही माणूस मिळाला नाही. मग मला वाटलं, तोंडाने बोलून उपयोग नाही. मास्तरने लोक मिळवले ते दोर ओढून. मग मीही दोर ओढेन, आणि मास्तरसारखाच वाटा घेणार नाही. पक्षाचा माणूस निर्मळ असतो हे लोकांना डोळ्यांनी बघू दे. मला ही कल्पना इतकी आवडली की त्या रात्री मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुळणीवर गेलो आणि कोणाला न विचारता दोराला लागलो. कोणी हाकललं नाही. दोराला हात लावणाऱ्याला हाकलायचं नाही, हा रापणीचा रिवाज. पण माझ्या पुढचा माणूस वीतभर पुढे सरकला आणि मागचा वीतभर मागे.

माडावर चढणाऱ्याचे हात राकट असतात असं लोकांना वाटतं. माझे हात खोडाला सरावलेले. दोराने एका तासात तळवे सोलून काढले. मिठाचं पाणी त्यात. पुढच्याच्या पायांनी उडवलेली वाळू तोंडात. टाचा पुळणीत रुतवून मागे झुकायचं, एक पाऊल, परत एक पाऊल. वरून पाहताना हे सगळं किती सोपं दिसायचं! जाळं जवळ येऊ लागलं तशी समुद्रात चांदीची खळबळ उडाली. बायका पाट्या घेऊन धावल्या. मी तळवे मिटून उभा राहिलो.

वाटे पडले. बुधाजीने माझ्यासमोर सात बांगडे टाकले. इतरांना तेवढेच.

मी हात जोडले. "माझो वाटो नको. मी पक्षाचो माणूस."

पाट्या भरणारे हात थांबले. मला वाटलं, झालं, काम झालं. इतक्यात भागीरथी उठली. ती मासे विकणारी, पन्नाशीची, अंगाने एवढीशी, पण तिचा आवाज मालवणच्या बाजारात पहिल्या टोकाला निघाला की शेवटच्या टोकाला पोचायचा. पाटी तशीच टाकून ती माझ्यासमोर आली.

"काय म्हणालंस? परत बोल."

"वाटो नको म्हटलंय, काकी."

"कित्याक नको? आमची मासळी बाटलेली आसा?"

"तसा नाय गो काकी. मी पक्षाचो—"

"मेल्या, तोय असोच बोलायचो! हेच शब्द. हात पण असेच जोडायचो. सात बांगडे नको म्हणालो आणि आमची होडी गिळल्यान! ज्येका सात नको त्येका कितके होये, ता आमका तेव्हा कळूक नाय. आता कळता." ती वळून सगळ्यांना म्हणाली, "बघून ठेवा रे ह्येका. दुसरो मास्तर तयार होताहा."

वीस दिवसांच्या टोमण्यांनी जे झालं नव्हतं ते झालं. मला राग यायला हवा होता. मी रागीट माणूस आहे. पण माझ्या डोक्यात एक दार उघडलं आणि त्यातून गार वारा आला. जी गोष्ट मी मास्तरची सर्वांत मोठी मानली होती, तिथेच ते भोक होतं. वाटा न घेणारा माणूस रांगेच्या बाहेर उभा राहतो. तो कोणाचं देणं लागत नाही, म्हणून त्याला कोणी विचारू शकत नाही. आम्हीच त्याला रांगेबाहेर काढलं होतं, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून.

बुधाजी तांडेल, जो दिवसात दहा वाक्यं बोलत नसे, तो म्हणाला, "हात लावलंस ना दोराक? मगे उचल. वाटो घेवक नाय तो आमच्यातलो न्हय."

मी खाली बसलो आणि ते सात बांगडे उचलले. सोललेल्या तळव्यांना खवलं लागली तशी आग झाली. धोतराच्या सोग्यात घेतले आणि घरी गेलो. दारात मथुरा उभी होती. बांगडे बघून तिने माझ्याकडे पाहिलं, परत बांगड्यांकडे पाहिलं.

"पक्षान पयल्यांदाच घराक कायतरी दिल्यान," ती म्हणाली.

त्या हंगामात मी रोज दोर ओढला आणि रोज वाटा घेतला. घट्टे पडले. माझ्या पुढचा माणूस वीतभर मागे सरकला. एकदा त्याने मागे न बघता विडी दिली. पण पक्षाचा विषय काढला की पुन्हा सगळे मुके.

आताच्या पोरांना वाटतं, माणसं भाषणाने जमतात. आताही गाडी फिरते, कर्णा ओरडतो, संडासात बसलेल्यालाही ऐकू येतं. मी ओट्यावर बसून ऐकतो. त्यात एक शब्द सारखा येतो, स्वच्छ. आमचा नेता स्वच्छ, आमचा उमेदवार स्वच्छ. हा शब्द ऐकला की माझे तळवे खाजतात. स्वच्छ आहे तर बसव की रांगेत, असं ओरडावंसं वाटतं. सून म्हणते, "बाबानू, कर्ण्यावांगडा कित्या भांडतास?"

दिवाळी झाली. थंडी पडली, आंबोलीच्या बाजूने कोरडा वारा यायला लागला. एका दुपारी पाट्या धुताना भागीरथी मला म्हणाली, "माझे तीन माड आसत घराकडे. नारळ सुकान पडतत. परवा कोंबडो मेलो."

मी पाटी घासत राहिलो.

"उद्या सकाळी चड."

"काकी, लोक काय म्हणतीत?"

"म्हणांदेत. पडलंस तर देव खरो. नाय पडलंस तर नारळ तरी उतारतीत."

तिचे माड वाडीच्या अगदी मध्ये. मी गेलो तेव्हा अख्खी वाडी तिथे जमलेली. होड्या ओढायच्या सोडून पुरुष, चुली सोडून बायका. बुधाजी तांडेल कपाळावर हात आडवा धरून वर बघत होता, अजून मी चढलोही नव्हतो. जत्रेला दशावतार बघायला बसतात तसे सगळे, फक्त पेटी वाजत नव्हती.

पायात फास घातला. आजवर हजार वेळा चढलो असेन, पण त्या दिवशी खोड हाताला परकं लागलं. अर्ध्यावर गेलो आणि फास खोडाला घट्ट दाबून थांबलो. माझं मला कळेना. देवाला मी मानत होतो की नव्हतो हे पक्षाच्या वर्गात कधी ठरलंच नव्हतं. तिथे वारा होता, माड हलत होता आणि खाली साठ-सत्तर माणसं उभी होती. ही मी पडेन म्हणून आली आहेत की पडू नये म्हणून? मी खाली बघितलं नाही. पहिल्यांदाच माडावर असताना मी खाली बघितलं नाही.

तीन माड उतरवले. प्रत्येक नारळ धप्पकन पडला की वाडी दचकायची. शेवटच्या माडावर शेंड्यात टेकलो आणि छाती फुगली. ओरडून सांगावंसं वाटलं, बघा रे, पडलो नाही! आहे कोण बोलणारा? आणि तोंड उघडता उघडता मी थांबलो. मी पडलो नव्हतो म्हणून मास्तर साधू ठरत नव्हता. मुंबईत त्याची खोली होतीच, कुंड्या होत्याच. देवाने मला धरला असेल किंवा माझ्या पायांनी धरला असेल, वाडीची होडी काही त्याने परत येणार नव्हती. आणि मग एक गोष्ट सरळ समोर आली. बांगडा आला असं मी ओरडायचो ते बघून. मास्तरचं मी काय बघितलं होतं? त्याची वही नाही, पेटी नाही, काही नाही. धोतर बघितलं होतं, आवाज ऐकला होता. आणि तरी बांगड्यासाठी मारायचो त्याहून मोठ्या आवाजात ओरडलो होतो.

खाली उतरलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शाबास म्हटलं नाही. पुरुष होड्यांकडे गेले. बायका चुलींकडे. भागीरथीने माझ्या मजुरीचे तीन नारळ दिले आणि दारात शेण टाकायला गेली.

ते कशासाठी जमले होते हे मी कधी कोणाला विचारलं नाही. आता विचारायला त्यातलं कोणी उरलं नाही. काही वर्षं मला वाटायचं, पडू नये म्हणूनच. काही वर्षं उलटं वाटायचं. दोन्ही असेल. एकाच माणसाच्या मनात दोन्ही असू शकतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

पण पुढच्या रविवारी मी पुळणीवर सभा बोलावली तेव्हा वाडी आली. होड्यांच्या सावलीत बसली. बायका मागे न बसता पुढे बसल्या, कारण भागीरथी पुढे बसली. मी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. हक्क, संघटना, नवी लाँच, नवा हिशेबनीस, दर पुनवेला पुळणीवर सगळ्यांसमोर वाचायचा हिशेब. सगळं कागदावर, माझ्याच अक्षरात. कागद काढला. वाऱ्याने फडफडला. आणि मला त्यातला पहिलाच शब्द वाचवेना. शंभरेक डोळे वर लागलेले, त्या दिवशी माडाकडे लागले होते तसेच.

मी कागद खिशात घातला.

"देवळात नारळार हात ठेवन मी जा बोललंय," मी म्हटलं, "ता मी खोटा बोलूक नाय, असा आजवर सांगत इलंय."

"हां, ता ऐकला खूप येळा," मागून कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले.

"पण मी बघूक नव्हतंय. मास्तराचा काय्येक बघूक नव्हतंय. न बघता बोललंय, आणि तुमी माझ्यामुळे गप बसलास. तुमचे पैशे गेले त्यात माझो हात आसा. चुकलंय मी."

माझे कान तापले. आयुष्यात तो शब्द मी बायकोपुढेही काढला नव्हता. बुधाजी पुळणीत बोटाने रेघ मारत बसला होता. मला वाटलं, आता एकेक उठून जातील. गेले असते तरी मी तिथेच उभा राहिलो असतो, जायला दुसरी जागा नव्हती.

भागीरथीने पदराने तोंडावरचा घाम पुसला.

"बरां, ता झाला," ती म्हणाली. "आता म्होरचा काय ता बोल. माका बाजाराक जावचा आसा."